माल्कम म्हणजे 'महाकालम्' नव्हे, आणि गुलाम तर नव्हेच

व्हॉट्सॲपवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्यात म्हटलंय ते असं: स्कॉटलंडमधलं 'माल्कम' हे मुलाचं नाव मूळचं संस्कृत 'महाकालम्'. तिथले जुने राजे शिवभक्त. आपल्या महाबळेश्वरची माल्कम पेठ ही खरी 'महाकाल पेठ', इंग्रजांनी तिचं नाव पळवलं. पुढे मिशनऱ्यांनी या पवित्र नावाचा अर्थ फिरवून 'टकला गुलाम' असा केला, त्यामुळे आता हे नाव ज्याला ठेवाल तो मुलगा जन्मभर चर्चचा गुलाम होतो. या नावाचे चारही राजे तलवारीने मेले. आणि तरीही आज स्कॉटलंडमध्ये हेच नाव पहिल्या क्रमांकावर आहे. शेवटी अर्थातच, 'प्रत्येक हिंदूपर्यंत पोचवा'.

एरवी असलं काही आलं की मी पुसून टाकतो. हे पुसून भागणार नव्हतं, कारण ते माझ्या भाचीपर्यंत गेलं. ती एडिनबर्गला असते, नवरा तिथलाच, सातवा महिना चालू आहे. मुलगा झाला तर नवऱ्याच्या वारलेल्या आजोबांचं नाव, म्हणजे माल्कम, ठेवायचं असं दोघांनी ठरवलंय. आमच्या घरच्याच ग्रुपवर हा मजकूर पडला आणि त्याखाली 'जपून गं बाई', 'मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे' असं लिहिणारी माणसं आमच्याच नात्यातली निघाली. रात्री ताईचा फोन आला, "अरे, ती रडतेय. खरंच गुलाम असा अर्थ आहे का?"

नाही, ताई. आधी याचाच निकाल लावू.

'माल्कम' हे गेलिक, म्हणजे स्कॉटलंड-आयर्लंडच्या जुन्या भाषेतलं जोडनाव आहे. मूळ रूप 'माएल कोलुम'. 'माएल' म्हणजे मुंडन केलेला. मजकूर लिहिणाऱ्याने कुठूनतरी हे अर्धं उचललंय, आणि ते अर्धं खरं आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. पण मुंडन कोणाचं? दीक्षा घेतलेल्या साधूचं. त्यावरून 'माएल'चा अर्थ झाला भक्त, सेवक, अमक्या संताला वाहिलेला. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये या शब्दापुढे संताचं नाव जोडून मुलांची नावं ठेवायची रीतच होती. माएल मुइरे म्हणजे मेरीचा भक्त, माएल ईसू म्हणजे येशूचा, माएल ब्रिग्ते म्हणजे संत ब्रिगिडचा. तसा माएल कोलुम म्हणजे संत कोलुमचा भक्त.

आता मला सांगा, आपल्याकडे रामदास, हरिदास, विष्णुदास ही नावं काय गुलामीची आहेत? ठोसरांच्या नारायणाने रामदास हे नाव स्वतःहून घेतलं आणि साडेतीनशे वर्षं महाराष्ट्र त्याला समर्थ म्हणतो. 'दास' शब्दात आपल्याला भक्ती दिसते. तीच भक्ती दुसऱ्याच्या भाषेत आली की ती बेडी कशी होते? ज्यांनी ग्रुपवर हात जोडलेले इमोजी टाकले, त्यांच्यापैकी एकाच्या वडिलांचं नाव भगवानदास होतं. त्यांनी तरी हा मजकूर पुढे पाठवण्याआधी थांबायला हवं होतं.

गुलामीचाच विषय काढलाय तर माल्कम एक्सचं उदाहरण घ्या. अमेरिकेतला काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेला हा पुढारी १९२५ साली जन्मला तेव्हा माल्कम लिटल होता. 'लिटल' हे आडनाव आपल्या पूर्वजांवर गोऱ्या मालकाने लादलेलं, म्हणून ते त्याने टाकून दिलं आणि तिथे 'एक्स' लावला. गुलामीची खूण म्हणून त्याने टाकलं ते आडनाव. पुढे धर्माप्रमाणे मुस्लिम नावही वापरलं, पण जग त्याला माल्कम एक्स म्हणूनच ओळखतं. गुलामी म्हणजे काय हे ज्याला घरातून माहीत होतं त्याला 'माल्कम' बोचलं नाही, आणि इथे खुर्चीत बसून मोबाइल चाळणाऱ्यांना बोचतंय.

बरं, हा कोलुम कोण? आयर्लंडमध्ये सहाव्या शतकात जन्मलेला साधू. लॅटिनमध्ये त्याला कोलंबा म्हणतात. ५६३ साली तो समुद्र ओलांडून स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयोना नावाच्या लहानशा बेटावर आला, तिथे त्याने मठ उभारला आणि ५९७ साली तिथेच गेला. 'कोलुम' हा लॅटिन 'कोलंबा'पासून आलेला, अर्थ कबुतर. त्याच्यानंतर साधारण शंभर वर्षांनी त्याच मठाचा प्रमुख अ‍ॅडोम्नान याने त्याचं चरित्र लिहिलं. त्यात त्याने या नावाचा कबुतराशी असलेला संबंध स्पष्ट लिहून ठेवलाय. म्हणजे मिशनऱ्यांनी नंतर अर्थ फिरवला वगैरे काही नाही. नाव जन्मालाच ख्रिस्ती मठाच्या ओसरीवर आलं. त्यात लपवण्यासारखं काय आहे, आणि ते आपलं ठरवायची गरज तरी काय?

तरी 'महाकालम्'वाल्यांचं समाधान होणार नाही, म्हणून पुरावा देतो. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात 'बुक ऑफ डियर' नावाची एक हस्तलिखित पोथी आहे. आकाराने अगदी लहान, हातात सहज मावेल अशी. मूळ मजकूर बायबलमधल्या शुभवर्तमानांचा, लॅटिनमध्ये. ती ईशान्य स्कॉटलंडमधल्या डियर इथल्या मठात होती, आणि बाराव्या शतकात तिथल्या साधूंनी पानांवरच्या मोकळ्या जागेत गेलिकमध्ये मठाला मिळालेल्या जमिनींच्या नोंदी लिहिल्या. पहिल्याच नोंदीत कोलुम आयोनाहून आला आणि त्याने मठासाठी जमीन मिळवली ही हकिकत. खाली देणगीदारांची यादी. त्या यादीतले दोन माल्कम पाहा. एक माल्कम, माएल ब्रिग्तेचा मुलगा. बापाचं नाव ब्रिगिडचा भक्त, मुलाचं नाव कोलुमचा भक्त. याहून सरळ पुरावा कोणता हवा? दुसरा माल्कम, किनाएदचा मुलगा, म्हणजे राजा दुसरा माल्कम. त्याने अमक्या गावातला 'राजाचा वाटा' मठाला दिला, असं लिहिलंय.

ही ओळ मी मुद्दाम सांगतोय. तिच्यात राजासाठी जो शब्द आहे तो 'रीग'. हा आपल्या 'राजन्'चा खरा भाऊबंद आहे. गेलिक आणि संस्कृत एकाच जुन्या भाषेच्या वंशातल्या आहेत. विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्याच्या भाषणात केल्टिक भाषांचं (गेलिक त्यांतलीच) मूळही संस्कृतच्याच घराण्यात असावं असं म्हटलं होतं. इतकं मी त्या मजकुराला देतो. पण त्याच ओळीत 'पेट' असाही शब्द आहे. अर्थ जमिनीचा तुकडा. पिटलॉख्रीसारख्या गावांच्या नावात तो आजही आहे. कानाला हुबेहूब 'पेठ'. आणि आपल्या पेठेशी त्याचं काडीचं नातं नाही. एकाच ओळीत खरं नातं वेगळं दिसतं आणि खोटं नातं सारखं ऐकू येतं. कानावर विसंबून व्युत्पत्ती केली की 'महाकालम्' होतं ते असं.

शिवाय 'महाकालम्' ही द्वितीया आहे. शाळेत 'देव'ची रूपं पाठ केलेल्या कोणालाही हे कळेल. मुलाचं नाव द्वितीया विभक्तीत कोण ठेवतं?

आता माल्कम पेठ. इथे मला सगळ्यात जास्त राग आला, कारण हा आपल्या घरचा इतिहास आहे आणि तो शोधायला केंब्रिजला जावं लागत नाही. सर जॉन माल्कम १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर होता. सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून डोंगरावरची जागा १८२९ साली कंपनीने घेतली, बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं, आणि तिथे जो बाजार वसला त्याला गव्हर्नरचं नाव पडलं. बाजार नवा, नाव नवं. आणि माल्कम हे त्याचं आडनाव, स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या एस्कडेलमधल्या शेतकरी घराण्याचं. १७६९ साली जन्मला तेव्हाच ते त्याला लागलेलं होतं. महाबळेश्वर त्याने पाहिलं पन्नाशी उलटल्यावर.

जुनं गाव वेगळं, क्षेत्र महाबळेश्वर. तिथे कृष्णेचा उगम आहे, पंचगंगेचं देऊळ आहे, महाबळेश्वर हे शंकराचं ठाणं आहे, शेजारी अतिबळेश्वर आहे. महाकाल उज्जैनचा. ज्या डोंगरावर देव स्वतःच्या नावाने बसलाय, तिथे त्याचं नाव खोडून दुसरं घुसडायचं आणि वर याला धर्माभिमान म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

या जॉन माल्कमबद्दल प्रेम वाटावं असं मी म्हणत नाही. महिदपूरला होळकरांच्या फौजेवर चालून गेलेल्यांत तो होता, जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण गेला तो याच्याकडेच, आठ लाखांची पेन्शन ठरवून. मराठी माणसाला ते सलणारच. सलू द्या. पण तो राग एका माणसावरचा आहे. एडिनबर्गच्या एका साध्या आजोबांचं त्यात काय?

राहिले राजे. पहिला माल्कम ९५४ साली मारला गेला, खरं. तिसरा १०९३ साली अ‍ॅल्निकच्या लढाईत पडला, तोही पस्तीस वर्षं राज्य करून. चौथा ११६५ साली चोविसाव्या वर्षी आजाराने गेला, तलवारीने नव्हे. 'चारही' इथेच खोटं ठरतं. आणि त्या काळात राजा डंकन मारला गेला, मॅकबेथ मारला गेला, त्याच्यामागून आलेला लूलाखही काही महिन्यांत मारला गेला. गादीवर बसलेल्या माणसाचं मरण तिथे नावावरून ठरत नव्हतं.

पहिल्या क्रमांकाचं तर विचारूच नका. स्कॉटलंडचं सरकारी नोंदणी खातं दरवर्षी नावांची यादी काढतं. २०२२ पर्यंत कित्येक वर्षं सलग वर होता जॅक. माल्कम हे विसाव्या शतकाच्या मध्यातलं, आता आजोबा झालेल्या पिढीचं नाव. त्याच पिढीतून आपल्याला माहीत असलेले माल्कम येतात: ऑस्ट्रेलियाचे एकेकाळचे पंतप्रधान माल्कम फ्रेझर, सोबर्सने एका षटकात सहा षटकार मारले तो गोलंदाज माल्कम नॅश. बार्बाडोसचा माल्कम मार्शल थोडा नंतरचा. गावसकरच्या हातातली बॅट उडवणाऱ्या त्या गोलंदाजाला आपण कोणी गुलाम म्हटलं नव्हतं.

नाव मागे पडलंय म्हणून भाचीने बदलावं असंही नाही. त्याच कोलुमवरून आलेलं 'कॅलम' तिकडे गेल्या काही दशकांत भरपूर चाललंय, उच्चारायला आपल्या आजी-आजोबांनाही सोपं आहे, ते हवं असेल तर तेही आहे. आजोबांचंच ठेवायचं असेल तर माल्कम ठेवावं. तिला हे सगळं मी लिहून पाठवलंय. ग्रुपवर ज्यांनी ज्यांनी 'जपून' लिहिलं, त्यांनी आता तिला स्वतः फोन करावा.