तुमच्या रिव्ह्यूला उत्तर: कापलं ते उजव्या हाताने

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना पुतण्याने वाचून दाखवला. घरी गेल्यावर मी तो स्वतः आणखी दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय, ‘मालकाचा एक हात निकामी आहे. डाव्या हातात वस्तरा धरून माझ्या गालावर प्रॅक्टिस केली. उजव्या कानाखाली कापलं, ४० मिनिटं घालवली, वर १५० रुपये घेतले. आजारी माणसाने घरी बसावं.’ आणि एक स्टार दिलाय.

आधी माफी मागतो. कापलं हे खरं आहे. गिऱ्हाईक मान मागे टाकून डोळे मिटतं ते आमच्या भरवशावर, आणि त्या दिवशी तुमचा भरवसा माझ्याकडून मोडला. माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालंय आणि सध्या अर्धी दाढी मी डाव्या हाताने करतो, हे तुम्ही खुर्चीत बसायच्या आधीच सांगायला हवं होतं. रोजच्या गिऱ्हाइकांना ते माहीत आहे, म्हणून नव्या माणसाला सांगायचं राहून गेलं. चूक माझी.

पण साहेब, ‘प्रॅक्टिस’ हा शब्द फार लागला. त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझा हात निकामी नाही. जानेवारीत सकाळी दुकानाचं शटर वर ढकलताना उजव्या खांद्यात कळ आली आणि हात खाली पडला तो उचलेना. खांद्याचं हाड जागेवर धरून ठेवणारे चार स्नायू असतात, त्यातल्या वरच्याची दोरी हाडापासून सुटली होती. ३१ वर्षं दोन्ही कोपरं उचलून केस कापले, त्याने ती झिजत आली होती असं डॉक्टर म्हणाले. दुर्बिणीतून टाके घालून ती परत हाडाला बसवली. सहा आठवडे हात गळ्यातल्या पट्ट्यात होता. पुढे वाकून हात नुसता सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा, मग भिंतीवर बोटांनी वर वर चढायचं, असे व्यायाम अजून रोज दोन वेळा चालू आहेत. साडेतीन महिने मी दुकानात कामाला हात लावला नाही. म्हणजे घरी बसा म्हणालात, तर तेवढं बसलो साहेब. गाळ्याचं भाडं काही बसलं नाही.

मग फिजिओ मॅडमना मी वस्तरा नेऊन दाखवला आणि विचारलं, एवढं धरू का? त्यांनी धरून बघितला आणि म्हणाल्या, वजनाचं काही नाही, हात वर धरायचा नाही. कोपर बरगडीला चिकटलेलं राहिलं तर चालेल. कटिंगला ते जमत नाही, डोक्यावर काम करायचं म्हणजे कोपर उचलावंच लागतं. म्हणून कटिंग सगळी पुतण्या करतो. दाढीचं वेगळं. खुर्ची पार खाली घेतली, मान मागे टेकवली की गिऱ्हाइकाचं तोंड माझ्या पोटाच्या वरच्या अंगाला येतं आणि कोपर न उचलता वस्तरा चालतो. उजवा गाल, हनुवटी आणि गळा मी उजव्या बाजूला उभा राहून उजव्या हाताने करतो. पलीकडच्या गालासाठी वाकून हात लांबवावा लागतो, तो खांदा अजून लांबवू देत नाही. म्हणून मी डाव्या बाजूला जातो आणि तो गाल डाव्या हाताने करतो.

हा डावा हात काल वस्तरा धरायला शिकलेला नाही. आमच्या धंद्यात दोन्ही हातांना काम असतं. उजवा वस्तरा चालवतो, डावा कातडी ताणतो. जबड्याचं हाड कुठे वळतं, कुणाच्या गालात खळगा आहे, कुणाच्या गळ्यावर केसांचा रुख आडवा जातो, हे डाव्या हाताच्या बोटांनाच आधी कळतं. ३१ वर्षं त्याने हेच केलं. माझ्या डाव्या हाताला मिरजेतली निम्मी तोंडं पाठ आहेत.

तरी उजवा हात पट्ट्यात होता तेव्हाच मी बसून डाव्याची तयारी केली. फुगा फुगवायचा, त्यावर ब्रशने फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो फेस काढायचा. वडिलांनी मला लहानपणी असंच शिकवलं होतं. पात्याच्या धारेने फुगा फुटत नाही, टोक लागलं की फुटतो, तोंडाचंही तसंच आहे. पातं कातडीला जवळजवळ टेकलेलं ठेवायचं, साधारण ३० अंशांत, आणि टोक कधीच पुढे जाऊ द्यायचं नाही. पहिल्या दिवशी सहा फुगे फुटले. तिसऱ्या आठवड्यात एकही फुटेना, तेव्हा आरशासमोर स्वतःची दाढी डाव्या हाताने केली. नंतर भावाची. मग आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, तंबोरे बनवतात, ते स्वतःहून खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, कर डाव्या हाताने. त्यांच्या भोपळ्यावरच्या कामाला मिरजेत मान आहे. हाताला वळण लागायला किती दिवस जातात ते त्यांना मी सांगायची गरज नव्हती. त्यांच्यानंतर महिनाभराने तुम्ही आलात. प्रॅक्टिस तुमच्या गालावर झाली नाही साहेब, ती घरात झाली.

आता कापल्याबद्दल. तुम्हीच लिहिलंय की उजव्या कानाखाली कापलं. त्या बाजूला डावा हात फक्त कातडी ताणायला होता. वस्तरा उजव्या हातात होता, ३१ वर्षांच्या सरावाच्या हातात. तरी कापलं, कारण खुर्ची वर होती. मॅच चालू होती आणि तुम्ही दोनदा म्हणालात, ‘थोडी वर घ्या, टीव्ही दिसत नाही.’ पहिल्यांदा मी नको म्हणालो. दुसऱ्यांदा पेडल मारून चार बोटं वर घेतली. तेवढ्याने माझं कोपर बरगडीपासून सुटलं, कानाखालच्या वळणावर मनगट फिरलं नाही आणि पात्याचं टोक लागलं. ज्वारीच्या दाण्याएवढं. तुरटी फिरवल्यावर लगेच थांबलं, पण कापलं ते कापलं. तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. तुम्हाला माझ्या खांद्याचं माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून मी ऐकलं. ते ऐकायला नको होतं.

पातं नवीन होतं. तुमच्यासमोर कागदातून काढलं, मधून मोडलं आणि अर्धं वस्तऱ्यात घातलं. हे तुम्ही विचारलं नाहीत, पण रिव्ह्यू वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या मनात येईल म्हणून सांगितलं. जुनं पातं आमच्याकडे दुसऱ्या माणसाला लागत नाही.

४० मिनिटं लागली, खरं आहे. बाजू बदलायची म्हणजे वेळ जातोच, आणि घाई मी मुद्दाम करत नाही. पैशांचं म्हणाल तर दाढीचे ८० आणि मसाजचे ७०. मसाज तुम्हीच सांगितलात, तो पुतण्याने केला. दरपत्रक आरशाशेजारी लावलेलं आहे.

पुढचं सांगतो. काउंटरवर पाटी लावतोय, सध्या दाढी दोन्ही हातांनी होते, चालत नसेल तर आधी सांगा. चालणार नसेल त्यांची दाढी पुतण्या करेल, त्याचा हात चांगला आहे. खुर्ची वर घेणार नाही, कुणीही सांगितलं तरी. टीव्हीचं काय करायचं ते बघतो, जागा बदलता आली तर बदलू. बाकीही थोडं सुधारायचं आहे, हळूहळू करू.

तुम्ही एकदा परत यावं अशी इच्छा आहे. डाव्या हाताने नको असेल तर पुतण्याकडून करून घ्या, पैसे घेणार नाही. जखमेवरची खपली पडेपर्यंत तिथे आफ्टरशेव लावू नका आणि त्या जागेवरून ब्लेड फिरवू नका.

एक विनंती आहे. एक स्टार राहू द्या, कापल्याचंही राहू द्या, ते झालेलं आहे. फक्त ‘निकामी’ आणि ‘प्रॅक्टिस’ हे दोन शब्द काढता आले तर बघा. नवीन माणूस दुकानात यायच्या आधी तेच वाचतो.

सोमवारी दुकान बंद असतं. बाकी दिवशी सकाळी आठपासून मी असतो.