बिनओव्हनचे चटके

रक्ततपासणीचा कागद घरी आला त्या दिवसापासून माझे आणि बिस्किटांच्या डब्याचे संबंध हिने तोडून टाकले. डॉक्टर फक्त म्हणाले होते, "गोड जरा बेतानं." हिने त्यातला 'जरा' गाळला आणि डबा सगळ्यात वरच्या फडताळात ठेवला. तिथवर हात पोहोचायला स्टूल लागतं, आणि आमचं स्टूल फरशीवरून ओढलं की सगळ्या घराला ऐकू जातं.

माणूस अशा अवस्थेत असताना त्याला ओव्हनशिवायच्या पौष्टिक कुकीज भेटतात. मला त्या मोबाइलवर भेटल्या. सहा जिन्नस. भाजणं नाही, मैदा नाही, साखर नाही, लोणी नाही. एकेका 'नाही'गणिक माझा आत्मविश्वास वाढत गेला. स्वयंपाकातलं मला जे जे येत नाही, ते ते यात नव्हतंच.

मूळ प्रकारात साखर, लोणी, दूध आणि कोको एकत्र उकळतात. खळखळून उकळी आली की घड्याळ लावून मिनिटभर तशीच राहू देतात, मग पीनट बटर आणि ओट्स घालून चमच्याचमच्यानं बटर पेपरवर टाकतात. गार झालं की घट्ट होतं. मी यात दोनच सुधारणा केल्या. साखरेच्या जागी मध घेतला, लोण्याच्या जागी खोबरेल तेल. आणि घड्याळ लावलं नाही, कारण उकळी काय, दिसतेच. दोन मंत्री बदलले म्हणून काय सरकार पडतं?

पडलं. तासाभरानं फ्रिज उघडला तर ताटात एक तपकिरी तळं होतं. आणखी तासभर वाट पाहिली. तळं जास्त गार झालं. ताट जरा तिरकं केलं, तर सगळ्या कुकीज एकजुटीनं एका कडेला आल्या.

"काय आहे हे?" हिने विचारलं.

"कुकीज."

"पळतायत."

मुलीनं बोट बुडवून पाहिलं. घरात शिकलेली मुलगी असली की आपल्या फजितीला शास्त्रीय कारणं मिळतात. "बाबा, भाजायच्या कुकीत अंडं आणि पीठ उष्णतेनं घट्ट होतं. इथे भाजणंच नाही, म्हणजे गवंडीच नाही. सगळं बांधकाम साखरेच्या पाकावर. तुम्ही नेमका तोच काढलात."

"पाक गोळीबंद झाला होता का, एवढं सांगा," ही म्हणाली.

मला गोळीबंद म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी "जवळजवळ" म्हणालो. गोळीबंद म्हणजे पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की त्याची मऊ गोळी वळता आली पाहिजे. तेव्हा पाक ११२ ते ११६ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. त्याआधी उतरवला तर पाणी जास्त राहतं आणि मिश्रण बसत नाही, फार उकळला तर कोरडा भुगा होतो. म्हणून ते एक मिनिट. शिवाय गार होताना साखरेचे बारीक स्फटिक होतात, आणि सगळ्यांना धरून ठेवतात ते हेच. मधात फ्रुक्टोज भरपूर, तो स्फटिक सहजी होऊ देत नाही आणि पाणीही सोडत नाही. म्हणजे जिला मी आजवर नुसती गोडबोली समजत होतो, ती साखर घरातली सुतार निघाली. तिला हाकलल्यावर खुर्च्या मोडल्या तर दोष कुणाचा?

एवढ्यावर थांबतील तर ते माझं कुटुंब कसलं! मुलीनं मोबाइलवरून वाचून दाखवलं, की जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मधातली साखरही त्याच कमी करायच्या साखरेत धरलीये. मग हिने तेलाच्या बाटलीवरचा तक्ता चष्मा लावून वाचला. लोण्यात संपृक्त मेद निम्म्याच्या आसपास, खोबरेल तेलात ८० टक्क्यांच्या वर.

"हृदयासाठी केलंत ना हे?" ती म्हणाली. सगळ्यात लागलं ते तिचं 'केलंत'.

ते तळं आम्ही तीन दिवस चमच्यानं खाल्लं. चव उत्तम होती, हे नमूद करून ठेवतो.

पुढच्या रविवारी खजूर. खजूर सज्जन. गोडवा आहे, तंतू आहेत, आणि चिकटपणा इतका की पाकाची गरज नाही. त्याचं सज्जनपण मिक्सरमध्ये घालेपर्यंत टिकतं. मी तो भिजवला नव्हता. दोन फेऱ्यांत त्याचा एक गोळा झाला, गोळा पात्याला घट्ट धरून बसला, आणि मिक्सरमधून जळका वास आला. गोळा सोडवला, पुन्हा फिरवला, तर असा आवाज झाला की ही आंघोळ अर्धी टाकून आली. 'बिनबियांचा' अशा पाकिटात एक बी होती. पाकिटात एकच, आणि ती माझ्या वाट्याला.

त्यात मी ओट्स आणले होते जाड कापलेले. जेवढी प्रक्रिया कमी तेवढं पौष्टिक, हे माझं स्वतंत्र संशोधन. ते ओट्स शिजवायचे असतात. न शिजवता ते वाळूतल्या खड्यांसारखे राहतात, आणि खडा खजुरात रुतलेला असल्यामुळे दाढेखाली आल्याशिवाय आपली ओळख देत नाही. शिवाय कोको चांगला असतो म्हणून दुप्पट घातला होता. बिनसाखरेचा कोको दुप्पट घालून पाहाच एकदा. मुलगी म्हणाली, "बाबा, औषध म्हणून ठीक आहे."

तिसऱ्यांदा मात्र जमलं. खजूर दहा मिनिटं गरम पाण्यात भिजवून निथळला, एकेक बी हातानं चाचपली, चपटे ओट्स घेतले, कोको चाळून घातला, पीनट बटर, दोन चमचे तेच बदनाम खोबरेल, चिमूटभर मीठ. फ्रिजमध्ये ठेवल्यावर सोळा कुकीज अगदी शहाण्यासारख्या उभ्या राहिल्या. मी एक उचलली आणि ऐटीत सोफ्याकडे निघालो.

फ्रिज ते सोफा अकरा पावलं आहेत. खोबरेल तेल २४-२५ अंशांना वितळतं आणि माझी बोटं त्याहून गरम. सातव्या पावलाला कुकीनं कंबर सोडली. सोफ्यावर बसलो तेव्हा मी कुकी धरली होती की तिनं मला, हे सांगणं कठीण होतं. यावर उपाय एकच, फ्रिजचं दार उघडं ठेवून तिथेच उभ्यानं खायचं. फार वेळ दार उघडं राहिलं की आमचा फ्रिज पीं पीं करतो, तेवढं एक सोसायचं.

तो तसा वाजत असतानाच ही आली. हातात कागद, कागदावर हिशेब. ओट्स एवढे, खजूर एवढा, आणि १०० ग्रॅम पीनट बटरच्या ६०० च्या आसपास कॅलरी. "एका कुकीत ११० तरी पडतात. साखर नसली म्हणून काय झालं? आणि सोळा होत्या ना? इथे नऊ आहेत."

"चव बघत होतो."

"सात वेळा?"

"मीठ पडलंय की नाही ते पहिल्या सहांत कळत नव्हतं."

तिनं एक उचलली, अर्धी मोडून तोंडात टाकली, जरा वेळ काही बोलली नाही. उरलेली अर्धीही खाल्ली. "मीठ आहे," म्हणाली. मग उरलेल्या आठ डब्यात भरल्या, आणि सवयीनं तो डबा वरच्या फडताळात, बिस्किटांच्या शेजारी ठेवून झाकण लावलं.

सकाळी मी स्टूल उचलून नेलं, अजिबात न ओढता. डब्यात आठांची मिळून एकच कुकी झाली होती. मी एकच खाल्ली.