हॉलंड-१ आणि ‘नियतीचा सूड’

ब्रिटिश नौदलाच्या पहिल्या पाणबुडीबद्दलचा, म्हणजे ‘हॉलंड-१’बद्दलचा, एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्याचं सार असं: एका आयरिश बंडखोराने इंग्रजांचं नौदल बुडवायला पाणबुडी बनवली आणि इंग्रजांनी तीच चोरली, त्यांच्या अॅडमिरलांना तिची इतकी लाज वाटे की ती चोरून बांधली, ती कधीच कामाला आली नाही आणि शेवटी खलाशांसकट बुडाली, सत्तर वर्षांनी वर काढली तर जशीच्या तशी निघाली. खाली ‘याला म्हणतात नियतीचा सूड’. इंग्रजांची फजिती म्हटली की पुढे पाठवायला आपले हात शिवशिवतात. पण यात खऱ्याखोट्याची अशी सरमिसळ आहे की एकेक विधान सुटं करून पाहिलेलं बरं.

आधी चोरी. जॉन फिलिप हॉलंड हा आयर्लंडच्या काउंटी क्लेअरमधल्या लिस्कॅनरचा, जन्म १८४१. पेशाने शाळामास्तर, पुढे अमेरिकेत गेला. तिथल्या फेनियन या आयरिश क्रांतिकारकांनी त्याच्या प्रयोगांना पैसा पुरवला आणि १८८१ मध्ये न्यूयॉर्कला ‘फेनियन रॅम’ ही त्याची पाणबुडी पाण्यात उतरली. इथवर खरं. पुढे चोरीही झाली, पण ती केली फेनियनांनीच! पैशांवरून भांडणं लागली आणि १८८३ मध्ये त्यांनी आपलीच बोट ओढून न्यू हेवनला नेली. ती चालवायची कशी हे मात्र कुणालाच येईना. आज ती न्यू जर्सीतल्या पॅटर्सनच्या संग्रहालयात आहे. हॉलंडने त्यानंतर त्या मंडळींशी संबंध तोडला.

ब्रिटनकडे आलं ते त्याचं पुढचं काम. १८९७ ची त्याची सहावी बोट अमेरिकी नौदलाने १९०० मध्ये विकत घेतली. तोवर त्याच्या आराखड्यांचे हक्क अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक बोट कंपनीकडे गेले होते, आणि त्या कंपनीच्या परवान्याने व्हिकर्स या ब्रिटिश कंपनीने इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेसच्या गोदीत ब्रिटनसाठी पाच बोटी बांधल्या. सगळा व्यवहार कागदोपत्री आणि रीतसर होता. यात कुणी नाडला गेला असेल तर तो स्वतः हॉलंड. आपल्याच आराखड्यांवरचा ताबा गमावून १९०४ मध्ये तो कंपनीतून बाहेर पडला.

शिवाय यातली पहिली बोट, हॉलंड-१, अमेरिकी बोटीची निव्वळ नक्कलही नव्हती. अमेरिकी बोटीला बाहेरचं पाहायला डोकं पाण्यावर काढावं लागे. ब्रिटिशांनी पेरिस्कोप, म्हणजे पाण्याखालून वरचं पाहायची नळी, बसवला. पाणबुड्यांचे प्रमुख कॅप्टन रेजिनल्ड बेकन यांच्या देखरेखीखाली तो बनवून दिला सर हॉवर्ड ग्रब यांनी, म्हणजे दुर्बिणी बनवणाऱ्या डब्लिनच्या कारखानदाराने. आयर्लंडचा धागा हवाच असेल तर हा घ्या. त्यातून समोरचं जहाज सरळ दिसे, बाजूचं आडवं आणि मागचं चक्क उलटं. तशा चित्रावरून नेम धरणाऱ्यांचं कौतुकच करायला हवं.

आता लाज. ‘चोरटं, अन्यायी आणि इंग्रजांना न शोभणारं शस्त्र’ हे वाक्य अॅडमिरल आर्थर विल्सन यांच्या नावावर खपतं. पाणबुड्यांवरच्या खलाशांना युद्धात चाचे समजावं, असं त्यांनी जरूर सुचवलं होतं. पण मजकूर लिहिणारा एक गोष्ट सांगत नाही. विल्सन त्या वेळी नौदलाचे कंट्रोलर होते, जहाजं बांधून घेणं हेच त्यांचं खातं, आणि या पाच बोटींची मागणी त्यांच्याच कारकिर्दीत नोंदवली गेली. हा ढोंगीपणा म्हणा, पण त्यामागे हिशेब होता. जगातलं सर्वांत मोठं आरमार बाळगणाऱ्याला दुबळ्यांच्या हाती येणारं स्वस्त शस्त्र नकोच असतं. त्यामुळे चारचौघांत नाक मुरडायचं आणि घरी ते शस्त्र काय करू शकतं हे शिकून घ्यायचं. फ्रान्स तेव्हा पाणबुड्यांत पुढे निघाला होता, त्यामुळे थांबायला सवडही नव्हती.

गुप्तता होती, नाही असं नाही. जोडणीच्या शेडला ‘यॉट शेड’ म्हणत, सुट्या भागांवर ‘पाँटून क्रमांक १’ अशी खूण असे, आणि २ ऑक्टोबर १९०१ ला ती गाजावाजा न करता पाण्यात उतरली. पण पाच पाणबुड्या घेतोय हे सरकारने त्याच वर्षी मार्चमध्ये संसदेपुढे उघड मांडलं होतं. लपवायची होती ती बोटीची रचना.

‘कामाला आली नाही’ हे तर सरळ चूक. बोट लहान होती हे मान्य: लांबी साडेएकोणीस मीटरच्या आसपास, आठ माणसं, टॉर्पेडोची एकच नळी. पृष्ठभागावर पेट्रोल इंजिन, पाण्याखाली बॅटरीवरची मोटर. बंद डब्यात पेट्रोलची वाफ म्हणजे काय, ते १९०३ मध्ये तिच्यावरच्या स्फोटात चौघे जखमी झाले तेव्हा कळलं. १९०५ मध्ये आयर्लंडमधल्या क्वीन्सटाउनला ए-५ या पुढच्या ‘ए’ वर्गातल्या पाणबुडीवर अशाच स्फोटात सहा जण गेले. पण मार्च १९०४ च्या सरावात पोर्ट्समथचं रक्षण करताना हॉलंड बोटींनी चार युद्धनौका ‘बुडवल्या’. तिथले तेव्हाचे सेनापती जॉन फिशर पाणबुडीचे कट्टर समर्थक होते, आणि त्याच वर्षी नौदलाची सूत्रं त्यांच्याकडे गेली. ऑक्टोबरमध्ये रशियन ताफ्याने उत्तर समुद्रातल्या डॉगर बँक या उथळ पट्ट्यात ब्रिटिश मच्छीमारांवर गोळीबार केला, तेव्हा हॉलंड-१ सकट पाणबुड्या खऱ्या हल्ल्यासाठी निघाल्याही होत्या. वाटेतून परत बोलावल्या, म्हणून लढाई टळली.

खलाशांसकट बुडाली ती ‘ए’ वर्गातलीच ए-१. त्याच मार्चच्या सरावात ‘बर्विक कॅसल’ या प्रवासी जहाजाची धडक बसून अकरा जण मेले. त्यानंतर ब्रिटिश पाणबुड्यांच्या मनोऱ्याच्या तळाशीही जलरोधक झाकण बसू लागलं. मजकुरात दोन बोटी एक झाल्या आहेत. हॉलंड-१ ऑक्टोबर १९१३ मध्ये ४१० पौंडांना भंगारात विकली गेली आणि टगमागे (ओढनौकेमागे) ओढत नेताना प्लिमथजवळच्या एडिस्टन दीपस्तंभाजवळ बुडाली. आत कुणीच नव्हतं.

राहिलं ‘जशीच्या तशी’. १९८१ मध्ये ती सापडली, १९८२ मध्ये वर काढली, आणि गंजरोधक प्रक्रिया करून इंग्लंडमधल्या गोस्पोर्टच्या पाणबुडी संग्रहालयात ठेवली. पण पोलादात मुरलेले क्षार काही जाईनात. दहाएक वर्षांतच गंज इतका फोफावला की आख्खी बोट टाकीत ठेवून, सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात काही वर्षं बुडवून ठेवावी लागली. २००१ पासून ती खास तिच्यासाठी बांधलेल्या दालनात आहे, आणि तिथली हवासुद्धा कोरडी ठेवावी लागते.