रडले ते कोणासाठी? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार 'स्पष्टवक्ते',

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्देसूद आहे. दोन ओळींत 'धन्यवाद' म्हणून वाटेला लावण्यासारखी नाही, म्हणून स्वतंत्रच लिहिते. लेनर्ड निमॉयवरचा माझा लेख ज्यांच्या नजरेतून सुटला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: 'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळ-मालिकेतला टोकदार कानांचा, अर्धा माणूस आणि अर्धा व्हल्कन (म्हणजे परग्रहवासी) मिस्टर स्पॉक रंगवणारा नट, म्हणजे निमॉय, २७ फेब्रुवारी २०१५ रोजी वयाच्या ८३व्या वर्षी गेला आणि जगभरच्या चाहत्यांनी त्याचा शोक कसा केला, यावर तो लेख होता. त्यावर तुमचं म्हणणं असं: "हे लोक माणसासाठी रडलेच नाहीत, टोकदार कानांच्या एका जोडीसाठी रडले. त्या बिचाऱ्याने 'मी स्पॉक नाही' असं अख्खं पुस्तक लिहून सांगितलं, तरी मेल्यावरही त्याला स्पॉकच म्हणत बसले. वर नोटा रंगवल्या, विनोद केले, कुठला भाग भारी यावर गप्पा झोडल्या. याला शोक म्हणतात की जत्रा? आणि आपल्याकडच्यांनी हे परक्याचं सुतक का पाळायचं?"

पुस्तकापासून सुरुवात करू, कारण तुमचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. ते पुस्तक १९७५चं. मुखपृष्ठ बघून चाहते भडकले, आणि माझा अंदाज आहे की त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आतली पानं उलटलीच नाहीत. आत काय आहे? निमॉय आणि स्पॉक एकमेकांशी वाद घालतायत असे संवाद आहेत. टीव्हीवरचं कुठलंही पात्र व्हायची मुभा मिळाली तर मी स्पॉकच निवडेन, अशी कबुली आहे. पात्राचा तिटकारा आलेला नट असं लिहीत नाही. नाव ठेवण्यात घोळ झाला हे तो नंतर स्वतःच सांगायचा, आणि १९९५ला त्याने दुसरं पुस्तक काढलं त्याचं नाव 'मी स्पॉक आहे'. तुम्ही पहिलं पुस्तक साक्षीला उभं केलंत आणि दुसऱ्याला बाहेरच थांबवलंत.

पण हे झालं वकिली उत्तर. तुमचा खरा मुद्दा त्याहून मोठा आहे: चाहते पात्रासाठी रडतात, माणसासाठी नाही. गंमत म्हणजे स्पॉकच्या बाबतीत हे तपासून बघता येतं. इतर नटांच्या बाबतीत ते सहसा जमत नाही.

स्पॉक एकदा मेलेला आहे. १९८२च्या 'द रॅथ ऑफ खान' या चित्रपटात तो अंतराळजहाज वाचवताना किरणोत्सर्गाने मरतो. बातमी चित्रीकरणाआधीच फुटली होती आणि निषेधाची पत्रं येऊन पडली होती. थिएटरात लोक ढसाढसा रडले. निमॉय तेव्हा धडधाकट होता, इतका की दोन वर्षांनी स्पॉकला परत आणणारा पुढचा चित्रपट त्यानेच दिग्दर्शित केला. म्हणजे १९८२चं रडणं शंभर टक्के पात्रासाठीचं. आणि ते कसं होतं? चिडकं होतं. हक्काचं होतं. लेखकाला शिव्या घालता येत होत्या, स्टुडिओला धमकावता येत होतं, 'परत आणा' म्हणता येत होतं. आणलाही.

आता २०१५ बघा. त्या वेळी स्पॉकला काहीही झालेलं नव्हतं! २००९पासून झॅकरी क्विंटो तरुण स्पॉक रंगवत होता, दोन चित्रपट येऊन गेले होते, तिसरा २०१६ला आला. पुढे २०१९पासून टीव्हीवर ईथन पेक तेच कान लावून उभा राहिला. पात्र ठणठणीत आहे, अजूनही. कानांसाठीच रडायचं असतं तर २०१५ला रडायचं काही कारणच नव्हतं. कान दुसऱ्याच्या डोक्यावर सुखरूप होते. तरी लोक रडले, आणि या वेळी कोणी पत्रमोहीम काढली नाही. भांडायचं कोणाशी?

तुम्ही म्हणाल, मग तोंडात नाव स्पॉकचंच का? कारण या माणसाने त्या पात्रात स्वतःचं फार काही ओतलं होतं, लेखकाच्या कागदावर नसलेलं. 'द एनिमी विदिन' या १९६६च्या भागात संहितेप्रमाणे स्पॉकने पिस्तुलाच्या दस्त्याने जहाजाच्या कप्तानाच्या, कर्कच्या, डोक्यात हाणायचं होतं. निमॉयला ते गावठी मारामारीसारखं वाटलं. इतक्या सुसंस्कृत ग्रहावरचा प्राणी असं कशाला करेल? त्याने मान आणि खांद्याच्या मध्ये चिमटा काढून बेशुद्ध करायची युक्ती सुचवली. (कर्क रंगवणाऱ्या विल्यम शॅटनरलाही श्रेय द्यायला हवं. तो इतका झकास कोसळला की युक्ती चालून गेली.)

आणि तो हात. चार बोटं दोन-दोनच्या जोडीत फाकवलेला, अंगठा बाहेर. १९६७च्या 'अमोक टाइम' या भागात स्पॉक पहिल्यांदा आपल्या ग्रहावर जातो. तिथल्या लोकांना अभिवादनाची काहीतरी खूण हवी, असं निमॉयने सुचवलं आणि ती खूणही त्यानेच दिली. कुठून आणली? बॉस्टनच्या वेस्ट एंड भागातून, जिथे युक्रेनमधून आलेल्या ज्यू न्हाव्याच्या घरी तो वाढला. आठेक वर्षांचा असताना तो घरच्यांबरोबर सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, गेला होता. कोहेन, म्हणजे पुरोहित, घराण्यातले पुरुष प्रार्थनेची शाल डोक्यावरून ओढून घेऊन समोर उभे राहिले आणि मोठमोठ्याने, अंगावर काटा येईल अशा आवाजात आशीर्वाद म्हणू लागले. वडील म्हणाले, बघू नकोस. त्या क्षणी ईश्वरी तेज खाली उतरतं, ते डोळ्यांना सोसणार नाही, अशी श्रद्धा. सगळ्यांनी तोंडं झाकून घेतली. पोराने अर्थातच चोरून बघितलं. शालींच्या खालून हात पुढे आले होते आणि बोटं अशी फाकलेली होती: हिब्रूतलं 'शिन' हे अक्षर, ईश्वराच्या नावाचं पहिलं. घरी येऊन त्याने ती बोटं करायचा सराव केला. त्याला तेव्हा ते नुसतं भारी वाटलं होतं, असं तोच सांगायचा.

तेव्हा तो गेल्यावर कोणी तसा हात वर केला, तर तो 'पात्राला' केला की 'माणसाला', हे मला तरी वेगळं काढता येत नाही. २८ फेब्रुवारीला अंतराळ स्थानकातून अंतराळवीर टेरी व्हर्ट्‌सने फोटो पाठवला: खिडकीपुढे तोच हात आणि खाली पृथ्वीवर बॉस्टनचा किनारा. निमॉय जन्मला ते गाव. स्पॉकसाठी केलं असतं तर बॉस्टन शोधायचं कारण नव्हतं, नाही का?

अजून एक गोष्ट मूळ लेखात घ्यायची होती, ती इथे सांगते. १९६८ला अमेरिकेतल्या एका किशोरवयीनांच्या मासिकात एका मुलीचं स्पॉकच्या नावे पत्र आलं. आई काळी, वडील गोरे. दोन्हीकडची मुलं आपल्यात घेत नाहीत. तुम्हीही अर्धे माणूस, अर्धे व्हल्कन, तर तुम्ही काय केलंत, अशी विचारणा. असल्या पत्राला प्रसिद्धी विभागातला कोणीतरी सहीचा फोटो पाठवून मोकळा होतो. निमॉयने लांबलचक उत्तर लिहिलं, मासिकाने ते छापलं. लहानपणी स्पॉकलाही दोन्हीकडून हेच सोसावं लागलं, असं सांगत त्याने तिला समजावलं की सगळ्यांना आवडण्यासाठी स्वतःला मोडत बसू नकोस. पत्र पात्राला होतं, वेळ माणसाने काढला. तसंच १९७३च्या कार्टून मालिकेचं. पैसे वाचवायला निर्मात्यांनी मूळ मालिकेतले सहकलाकार निशेल निकोल्स आणि जॉर्ज टकेई यांना वगळायचं ठरवलं होतं. निमॉय म्हणाला, ते नसतील तर माझा आवाजही मिळणार नाही. दोघांना घेतलं गेलं. या गोष्टी चाहत्यांना पाठ असतात हो. तुम्हाला नुसते कान दिसले, कारण बाहेरून तेवढंच दिसतं.

आता जत्रेचं. कॅनडात पाच डॉलरच्या नोटेवर सर विल्फ्रिड लॉरिए या माजी पंतप्रधानांचं चित्र होतं. त्यावर पेनाने कान, भुवया आणि केसांची झालर काढली की हुबेहूब स्पॉक. निमॉय गेल्यावर अशा नोटांचं पेवच फुटलं. शेवटी बँक ऑफ कॅनडाला खुलासा करावा लागला की हे बेकायदेशीर नाही, पण करू नका, नोटेचं आयुष्य कमी होतं. तुम्हाला यात थिल्लरपणा दिसला. मला नाही दिसला. आपल्याकडे तेराव्याला पंगत उठल्यावर ओसरीवर काय चालतं ते आठवा. गेलेल्या आजोबांचा तापटपणा, त्यांची कंजुषी, एसटीतलं भांडण, सगळं निघतं, आणि डोळे पुसत पुसत माणसं हसतात. तिथे कोणी 'ही जत्रा आहे का' असं विचारत नाही. चाहत्यांना ओसरी नसते. त्यांनी नोट घेतली, ट्विटर घेतलं, कुठला भाग भारी यावर पहाटेपर्यंत वाद घातले. शिवाय निमॉय स्वतःच तिथे त्यांचा आजोबा होऊन बसला होता. जानेवारी २०१४मध्ये त्याने लिहिलं की सिगारेट ३० वर्षांपूर्वी सोडली, पण उशीर झाला, सीओपीडी हा फुप्फुसाचा जुनाट आजार जडला. आजोबा सांगतायत, आत्ताच सोडा. त्याच आजाराने तो गेला.

एका बाबतीत मात्र तुमच्याइतकाच राग मलाही आहे. शॅटनर अंत्यविधीला आला नाही म्हणून काही चाहत्यांनी त्याची जी धुलाई केली, ती लाजिरवाणी होती. तो रेड क्रॉसच्या मदतनिधीच्या कार्यक्रमाला फ्लोरिडात होता, शब्द दिलेला होता, मुली त्याच्या वतीने गेल्या होत्या. पण तो 'कर्क', आणि कर्कने स्पॉकला असं सोडायचं नसतं! इथे पात्र आणि माणूस यांची गल्लत झाली हे खरं. तुमचा मुद्दा सिद्ध करायला हे उदाहरण तुम्ही वापरायला हवं होतं, नोटा सोडून.

परक्याच्या सुतकाबद्दल फार लिहीत नाही. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर स्पॉक आमच्या घरी यायचा. इंग्रजी निम्मं डोक्यावरून जायचं, पण उचललेली एक भुवई कळायला इंग्रजी लागत नव्हतं. निळू फुल्यांना खेडोपाडी बायका खऱ्याखुऱ्या शिव्या द्यायच्या, आणि पडद्याबाहेर हा सेवादलाचा साधा, वाचणारा माणूस. ते गेले तेव्हा शोक करणाऱ्यांनी 'बाई वाड्यावर या'ची नक्कलही केलीच, आणि त्यांच्या साधेपणाच्या आठवणीही सांगितल्या. दोन्ही एका दमात. त्यांच्यासाठी चालतं ते निमॉयसाठी का चालू नये?

शेवटी तुम्ही टोमणा मारलाय की "एवढंच भारी असेल तर एक भाग सुचवा, बघून ठरवतो." टोमणा असला तरी मी गंभीरपणे घेते. 'अमोक टाइम' बघा. पहिल्यापासून क्रमाने बघायच्या भानगडीत पडू नका. त्यात व्हल्कनांची करारी म्हातारी आहे, टी'पाऊ. ते काम करणाऱ्या सेलिया लोव्हस्की या बाईंना ती बोटं काही केल्या फाकवता येईनात, म्हणून कॅमेऱ्याबाहेर दुसऱ्या हाताने आधी जुळवून मग हात वर करावा लागला. पडद्यावर पत्ता लागत नाही, तरी हाताकडे नीट बघा. आणि चुकूनही तिसऱ्या सीझनचा पहिला भाग, 'स्पॉक्स ब्रेन', लावू नका. त्यात स्पॉकचा मेंदू चोरीला जातो आणि उरलेला स्पॉक रिमोटवर चालतो. तो करताना आपल्याला लाज वाटत होती असं निमॉयनेच लिहून ठेवलंय. तो बघून तुम्ही आणखी एक प्रतिक्रिया लिहिलीत, तर तिला माझं उत्तर येणार नाही.