बोल की एकदा, ड्रायव्हर चढला नाही म्हणून!

बिघाड होऊ दे. मशीन आहे, बिघडणारच. माझं डोकं फिरतं ते बिघाड लपवण्यावर. लिनक्सवर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, चढला नाही, की सिस्टिम गुपचूप 'एलएलव्हीएमपाइप'वर जाते, म्हणजे कार्डाचं सगळं काम प्रोसेसरच्या गळ्यात मारते, आणि डेस्कटॉप असा उघडते की जणू काही झालंच नाही. सूचना नाही, लाल खूण नाही, काही नाही!

आमचं जळगावात लग्नाच्या व्हिडिओंचं काम, मशीनमध्ये एनव्हिडिया कंपनीचं कार्ड. मे महिना, तिथीला तिथी लागलेली, बाहेर ४४-४५ अंश, कूलर नुसती गरम हवा फेकतोय. अशात रात्री आपोआप अपडेट होऊन नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बसतो. दुपारी लाइट जाते, यूपीएस बोंबलून मान टाकतो, आणि लाइट आली की मशीन नव्या कर्नलवर उठतं. दुसरा मॉनिटर काळा ठिक्कर. पहिल्याचं रिझोल्यूशन बदलायला गेलं तर यादीत एकच आकडा. हळदीची क्लिप लावली तर नवरी अडकत अडकत हसते, आणि प्रोसेसरचा पंखा असा किंचाळतो की हेडफोनमधली सनई ऐकू येत नाही. त्यात फोन: "भाऊ, व्हिडिओ कधी देता? पाहुणे विचारून राहिले." काय सांगू त्या माणसाला?

टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय -के' मारलं, म्हणजे कुठल्या कार्डाला कुठला ड्रायव्हर लागलाय ते दाखवणारी कमांड. कार्ड दिसतंय! कंपनीचं नाव, मॉडेल, सगळं व्यवस्थित छापून येतं. खाली 'कर्नल मॉड्यूल्स' ही ओळ आहे, तिच्यात 'नुवो'चं, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डांसाठी बाहेरच्या लोकांनी बनवलेल्या खुल्या ड्रायव्हरचं, नाव आहे. फक्त 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ गायब. एवढाच फरक. म्हणजे सिस्टिमला पक्कं माहीत आहे की कार्ड स्लॉटमध्ये बसलंय आणि त्याला कोणी वाली नाही. माहीत असून गप्प! ती नसलेली ओळ मी शोधून काढायची. नसलेली ओळ कोणाला दिसते हो?

कारण काय निघालं? आजवर डिस्ट्रोवाले, म्हणजे लिनक्स बांधून देणारे, कंपनीच्या ड्रायव्हरचं स्वतः सही केलेलं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा, पाठवत होते. नवा कर्नल पाठवला, त्याचं मॉड्यूल पाठवलंच नाही. बरं, 'डीकेएमएस' या मॉड्यूल बनवणाऱ्या साधनाने घरीच बनवू, तर त्याला कर्नल हेडर्स, म्हणजे त्या कर्नलच्या जोडफायली, लागतात आणि तेही सोबत आले नाहीत. ते उतरवले, मॉड्यूल बनलं, ते चढवायला 'मोडप्रोब' मारलं, तर उत्तर काय, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. कसली की? कुठली सर्व्हिस? सांगायचंय इतकंच, की सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही असलेलंच चालू देणारा पहारा, चालू आहे आणि या मॉड्यूलवरची सही मशीनच्या ओळखीची नाही. मग तसं लिहा ना! हात मोडतात का?

पुढे ती सही ओळखीची करायची 'मोक'ची, म्हणजे मशीनच्या मालकाने नोंदवायच्या किल्लीची, तऱ्हा. आधी पासवर्ड ठरवा, मशीन रीबूट करा, निळा पडदा येईल. १० सेकंदांत कळ दाबली नाही तर तो निघून जातो आणि पुन्हा पहिल्यापासून. दाबली तर सर्वांत वर 'कंटिन्यू बूट'! घाईत एंटर लागला की सगळं गेलं पाण्यात. खालचं 'एनरोल मोक' निवडा, मग पासवर्ड टाका, जो टाकताना पडद्यावर उमटतसुद्धा नाही. सुरक्षेला माझा विरोध नाही, सिक्युअर बूट असावंच. पण धंद्याच्या मशीनवर, लाइट कधी जाईल याचा नेम नसलेल्या गावात, हे १० सेकंदांचं घड्याळ कोणासाठी लावलंय?

तोवर निदान 'नुवो'ने तरी गाडा ओढावा, तर कंपनीचा ड्रायव्हर बसताना त्यालाच काळ्या यादीत टाकून ठेवतो. स्वतः चढत नाही, दुसऱ्याला चढू देत नाही. आणि 'नुवो' चढला असता तरी माझ्या २०१६च्या पिढीतल्या कार्डाचा वेग त्याला वाढवता येत नाही, कारण त्यासाठी लागणारं सही केलेलं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम, कंपनीने दिलंच नाही. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात याच कार्डवाल्यांवर कॅमेऱ्यासमोर भडकले होते, मधलं बोट दाखवून. २०२२च्या मे महिन्यात कंपनीने कर्नल मॉड्यूल खुलं केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण ते नव्या कार्डांना. त्याला कार्डातच एक वेगळा नियंत्रक प्रोसेसर लागतो, जुन्यात तो नाही. जुनं कार्ड धडधाकट आहे, त्याचं काय करू? भंगारात घालू?

आणि सल्ले! गल्लीतला दुकानदार म्हणतो, "विंडोज टाकी दे ना भो." शहाणे म्हणतात, दुसऱ्या कंपनीचं कार्ड घ्यायचं होतं. तिसरा म्हणतो, सगळं फॉरमॅट करून नव्याने बसव. अरे, मशीनवर लोकांच्या लग्नाचं फुटेज पडलंय! फॉरमॅट म्हणे. यातला एकजण विचारत नाही की मॉड्यूल बनलं का, सही आहे का, 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, काय आलं.

मला जादू नकोय. बूट होताना सिस्टिमला तीन गोष्टी कळलेल्या असतात: कार्ड आहे, ड्रायव्हर नाही, का नाही. लॉगिन झाल्यावर एक चौकोन उघडा आणि त्या तीन गोष्टी लिहा. खाली एक बटण द्या, जुन्या कर्नलवर परत जा म्हणून, कारण जुना कर्नल त्याच डिस्कवर, मॉड्यूलसकट, तसाच पडलेला असतो. मराठीत नका देऊ, इंग्रजीत द्या, पण द्या!