आधी मानसिकता बदला? क्रमच उलटा आहे

शिक्षक प्रशिक्षणाबद्दलचा एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्याचा आशय असा : प्रशिक्षणावरचा पैसा पाण्यात जातो हे संशोधनानेच दाखवलंय, पहिल्या तीन-चार वर्षांनंतर शिक्षक सुधारत नाही, आणि शिक्षकांची मानसिकता आधी बदलली नाही, तर बाकी सगळं व्यर्थ. वाचून वाईट वाटलं, कारण यात थोडं खरंही आहे आणि त्या थोड्या खऱ्यावर चुकीचा निष्कर्ष उभा केला आहे.

मानसिकतेचा मुद्दा आधी घेतो. गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

अमेरिकेतले शिक्षण-संशोधक थॉमस गस्की यांनी १९८६ मध्ये नेमका हाच क्रम तपासला. बहुतेक प्रशिक्षणं असं धरून चालतात की शिक्षकाला आधी पटवायचं, मग तो पद्धत बदलेल, मग मुलं शिकतील. गस्की यांचं म्हणणं वेगळं होतं. शिक्षक आधी काहीतरी करून बघतो, आपल्याच वर्गातली मुलं जास्त शिकताना त्याला दिसतात आणि त्यानंतर त्याचं मत बदलतं.

वर्गात हे कसं घडतं? एका मुलीने ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिलं. नेहमीप्रमाणे फुली मारून पुढे जाता येतं. पण शिक्षिकेने विचारलं, "कसं केलंस, सांग बरं." मुलगी म्हणते, "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन." म्हणजे ती निष्काळजी नाही. तिने एक नियम बनवलाय : मोठ्यातून लहान वजा करायचा. दशक सुटा करायचा असतो, हे तिला उमगलेलंच नाही. असे चार-पाच अनुभव आले की 'या मुलांना गणित जमत नाही' हे मत टिकत नाही. ते भाषण देऊन हलत नाही.

आता 'संशोधनानेच दाखवलंय' याकडे येऊ. एक-दोन दिवस सभागृहात बसवून दाखवलेल्या स्लाइड्सनी वर्ग बदलत नाही, हे मान्य. गणिताच्या प्रशिक्षणांच्या काही मोठ्या, काटेकोर चाचण्यांतही मुलांच्या गुणांत फरक दिसला नाही, हेही मान्य. पण संशोधन तिथे संपत नाही. १९८९ मध्ये कार्पेंटर, फेनेमा आणि सहकाऱ्यांनी पहिलीच्या ४० शिक्षकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. त्यातल्या २० जणांनी महिनाभर एकाच गोष्टीचा अभ्यास केला : लहान मुलं बेरीज-वजाबाकीचा विचार कसा करतात. कसं शिकवा, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. हे शिक्षक नंतर मुलांचं जास्त ऐकू लागले, उदाहरणं सोडवण्यावर जास्त आणि पाढ्यांसारख्या पाठांतरावर कमी वेळ देऊ लागले. तरीही बेरीज-वजाबाकीची तोंडी उत्तरं त्यांच्याच मुलांना जास्त येत होती! मला हा निष्कर्ष आजही विलक्षण वाटतो.

मार्गदर्शकाने वर्गात येऊन बघायचं, मग शिक्षकाशी बसून बोलायचं, या पद्धतीवरचे ६० अभ्यास क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन यांनी २०१८ मध्ये एकत्र तपासले. शिकवण्यात ०.४९ आणि मुलांच्या संपादणुकीत ०.१८ प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेले असतात, त्याचं माप) इतकी सरासरी सुधारणा त्यांना आढळली. कार्यक्रमातल्या शिक्षकांची संख्या वाढली की परिणाम बराच घटतो, हेही त्यांनी नोंदवलंय. ती खरी अडचण आहे आणि चर्चा तिच्यावर व्हायला हवी. नुसते तास वाढवूनही भागत नाही. मेरी केनेडी यांनी २०१६ मध्ये २८ अभ्यास तपासून दाखवलं की प्रशिक्षण किती लांबलं यावरून त्याचा परिणाम सांगता येत नाही.

राहिला तीन-चार वर्षांचा मुद्दा. सुरुवातीची वाढ सर्वांत वेगाची असते, एवढंच त्यात खरं. क्राफ्ट आणि पपे यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या जिल्ह्यातल्या शिक्षकांचा दहा वर्षांच्या अनुभवापर्यंतचा माग काढला. जिथे सहकारी एकमेकांना मदत करतात, मुख्याध्यापक पाठीशी उभे राहतात, शिस्त सांभाळायला शिक्षक एकटा पडत नाही, अशा शाळांमधले शिक्षक कमी आधार असलेल्या शाळांतल्या शिक्षकांपेक्षा ३८ टक्के अधिक सुधारले. फिरणाऱ्या मजकुरात शिक्षकाच्या स्वभावाबद्दल तीन परिच्छेद आहेत. तो ज्या शाळेत शिकवतो, तिच्याबद्दल एक ओळही नाही.