खुलासा : रिले लावला तरी फ्यूज लागतोच

मुंबईतल्या गॅरेजच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : इंजिन बदलल्यावर पंपाला रिले लावला की फ्यूज नको, आणि लावलेला उडत असेल तर ३० अँपिअरचा टाका. दोन्ही चूक.

रिले हा फक्त स्विच आहे. शॉर्ट झाला तर तो वायर वाचवत नाही, ते काम फ्यूजचं. म्हणून फ्यूज वायरच्या जाडीवर ठरतो. १.५ चौरस मिमी वायरला १५ अँपिअर, म्हणजे निळा. तिथे हिरवा ३० चा बसवला, तर २५ अँपिअर वाहत राहिले तरी तो उडणार नाही; इन्सुलेशन आधी वितळेल.

बॅटरीपासून फ्यूज जमेल तितका जवळ, साधारण वीतभर अंतरात. तिथून वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला, ८७ नंबरच्या पिनेवरून पंपाला. ८५-८६ या पिना रिले चालू करणाऱ्या कॉइलच्या, रिलेत डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर त्यांची उलटापालट चालत नाही. आणि ८७ए वर पंप जोडू नका, ती पिन रिले बंद असताना जोडलेली असते, म्हणून चावी बंद असतानाही पंप चालू राहील.

फ्यूज उडतोच आहे? बहुधा फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, नाही आणि वायर घासली आहे, किंवा पंप जाम आहे. पावसाळ्यासाठी रिलेच्या पिना खाली ठेवा, वरून पाणी शिरतं.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा द्या.